पहिलं महायुद्ध का झालं? सारायेव्होतल्या दोन गोळ्या आणि बसऱ्याला गेलेली पुण्याची फौज

१६ ऑक्टोबर १९१४. मुंबई बंदरातून सैनिकांनी भरलेली जहाजं निघाली. त्यात सहाव्या डिव्हिजनची एक ब्रिगेड होती. या डिव्हिजनचं नावच होतं ‘पूना डिव्हिजन’. ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा पलटण होती. तीन आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, ही फौज इराणच्या आखाताच्या टोकाला, आजच्या इराकमधल्या फाओ इथं उतरली आणि तुर्कांशी लढायला लागली.

त्याच्या साडेतीन महिने आधी युरोपातल्या सारायेव्हो या शहरात ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला होता. मारणारा बोस्नियातला सर्ब तरुण होता. या खुनाशी तुर्कांचा काही संबंध नव्हता, इंग्रजांचा नव्हता आणि मराठा पलटणीतल्या जवानांचा तर त्याहून नव्हता. मग सारायेव्होतल्या खुनासाठी पुण्याची फौज बसऱ्याच्या वाटेवर कशी पोहोचली?

या एका प्रश्नाचा माग काढत गेलं, की पहिल्या महायुद्धाची जवळपास सगळी कारणं हाताला लागतात. शाळेत आपण ती पाच गुणांच्या प्रश्नासाठी पाठ केलेली असतात. ती एकमेकांत कशी गुंतली होती, ते इथं समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- २८ जून १९१४ चा खून ही ठिणगी होती. दारूगोळा त्याआधी चाळीस वर्षं साठत होता.
- लष्करी युती, शस्त्रस्पर्धा, बाल्कनमधला राष्ट्रवाद, साम्राज्यांची चढाओढ आणि लष्कराच्या आधीच आखलेल्या योजना ही मुख्य कारणं.
- या कारणांमुळे युद्ध शक्य झालं. ते अटळ मात्र नव्हतं. जुलै १९१४ मध्ये मोजक्या माणसांनी घेतलेल्या निर्णयांनी ते घडलं.
- हिंदुस्थान या कारणांच्या बाहेर नव्हता. युरोपातल्या गटबाजीत हिंदुस्थानच्या सरहद्दीचाही वाटा होता.

आधी ठिणगी: त्या दिवशी काय झालं?

ऑस्ट्रिया-हंगेरी हे मध्य युरोपातलं मोठं, पण डळमळीत साम्राज्य होतं. त्यात जर्मन, हंगेरियन, झेक, पोलिश, क्रोएट, सर्ब असे अनेक भाषांचे लोक राहायचे. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया हा प्रांत अधिकृतपणे आपल्या राज्याला जोडला. तिथं सर्ब लोकांची मोठी वस्ती होती. शेजारच्या स्वतंत्र सर्बियाला वाटायचं की बोस्नियातले सर्ब आपले आहेत, आपल्याकडेच यायला हवेत.

२८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाचे युवराज फ्रान्झ फर्डिनांड पत्नी सोफीबरोबर बोस्नियाची राजधानी सारायेव्होमध्ये आले. सकाळी त्यांच्या गाड्यांवर बॉम्ब फेकला गेला, त्यातून ते वाचले. थोड्या वेळाने चालकाने चुकीचं वळण घेतलं आणि गाडी थांबली, ती नेमकी गॅव्ह्रिलो प्रिन्सिप या १९ वर्षांच्या तरुणासमोर. त्याने दोन गोळ्या झाडल्या. युवराज आणि सोफी दोघंही मरण पावले.

मारेकऱ्यांना शस्त्रं सर्बियातून मिळाली होती. ‘ब्लॅक हँड’ या गुप्त संघटनेने त्यांना मदत केली होती आणि या संघटनेत सर्बियाच्या लष्करातले अधिकारी होते. ऑस्ट्रियाला सर्बियाला धडा शिकवायचाच होता. आता निमित्त मिळालं.

इथपर्यंत हे दोन शेजाऱ्यांचं भांडण होतं. अशी भांडणं बाल्कनमध्ये नवी नव्हती. १९१२ आणि १९१३ मध्ये तिथं दोन युद्धं होऊन गेली होती आणि युरोपातल्या बड्या सत्ता त्यात थेट उतरल्या नव्हत्या. मग या वेळी वेगळं काय झालं?

कारण पहिलं: युती, म्हणजे माझ्या भांडणात तू आणि तुझ्या भांडणात मी

समजा, मुळशीतल्या महाळुंग्यासारख्या गावात, जिथं जमिनीला आज सोन्याचा भाव आहे, दोन शेजाऱ्यांचा बांधावरून वाद झाला. दोघंच असले तर शिवीगाळ होईल, फार तर तलाठ्याकडे जातील. पण दोघांनीही आधीच आपापल्या भावकीशी ठरवून ठेवलं असेल की ‘वेळ आली तर तू माझ्या बाजूने काठी घेऊन यायचं’, तर वीतभर बांधासाठी सगळं गाव मैदानात उतरेल. १९१४ चा युरोप असा झाला होता.

याची सुरुवात १८७१ पासून होते. त्या वर्षी फ्रान्सचा पराभव करून जर्मनी हे एकसंध राष्ट्र उभं राहिलं आणि त्याने फ्रान्सकडून अल्सेस-लॉरेन हा प्रदेश घेतला. फ्रान्सच्या मनात ही जखम राहिली. फ्रान्स कधीतरी उट्टं काढणार हे जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क ओळखून होता. म्हणून त्याने फ्रान्सला एकटं पाडण्याचं धोरण ठेवलं. १८७९ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा करार झाला, १८८२ मध्ये इटली त्यात आला.

बिस्मार्कने रशियालाही धरून ठेवलं होतं. पण १८९० मध्ये तरुण सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याने बिस्मार्कला घरी पाठवलं आणि रशियाबरोबरचा गुप्त करार पुढे चालू ठेवला नाही. मोकळा झालेला रशिया १८९४ पर्यंत फ्रान्सच्या बाजूला गेला. आता जर्मनीच्या दोन्ही अंगांना एकमेकांशी बांधलेले शत्रू होते.

ब्रिटन या सगळ्यापासून लांब होतं. ते जवळ आलं ते दोन टप्प्यांत. १९०४ मध्ये फ्रान्सशी समझोता झाला आणि १९०७ मध्ये रशियाशी. या दुसऱ्या टप्प्यात हिंदुस्थान येतो.

मधेच हिंदुस्थान कुठून आला?

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांना हिंदुस्थानबद्दल सगळ्यात मोठी भीती होती ती रशियाची. रशिया मध्य आशिया गिळत गिळत अफगाणिस्तानच्या सीमेपर्यंत आला होता. खैबर खिंडीतून उद्या रशियन फौज उतरेल, या धास्तीने कलकत्ता आणि लंडन दोन्हीकडे झोप उडालेली असायची.

१९०७ मध्ये ब्रिटन आणि रशियाने हा वाद मिटवला. करार कशाबद्दल होता? इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट. इराणचे त्यांनी आपापसात प्रभावाचे पट्टे पाडले, अफगाणिस्तान ब्रिटनच्या प्रभावाखाली राहील हे रशियाने मान्य केलं आणि तिबेटपासून दोघांनीही दूर राहायचं ठरवलं. थोडक्यात, हिंदुस्थानची सरहद्द सुरक्षित करण्याचा तो सौदा होता. त्यात जर्मनीचं नावही नव्हतं.

पण बर्लिनहून बघणाऱ्याला चित्र वेगळं दिसलं: फ्रान्स, रशिया आणि आता ब्रिटनही. जर्मनीला चहूबाजूंनी घेरलं जातंय, अशी भावना तिथं घट्ट झाली. हिंदुस्थान टिकवण्यासाठी केलेल्या तडजोडीने युरोपातली दुफळी पक्की केली. ब्रिटनने फ्रान्स किंवा रशियाला युद्धात मदतीचं लेखी वचन दिलेलं नव्हतं, ही गोष्टही लक्षात ठेवा. पुढे ती महत्त्वाची ठरते.

कारण दुसरं: शस्त्रस्पर्धा

जर्मनीचे कारखाने जोरात होते. पोलाद उत्पादनात त्याने ब्रिटनला मागे टाकलं होतं. पण कैसरला आरमारही हवं होतं. १८९८ आणि १९०० च्या कायद्यांनी जर्मनीने मोठं आरमार बांधायला घेतलं. ब्रिटनसाठी हे नाजूक जागी बोट ठेवण्यासारखं होतं. बेटावरचा देश, खायचं धान्यसुद्धा बाहेरून यायचं आणि साम्राज्य समुद्रापलीकडे पसरलेलं. आरमार गेलं तर सगळंच गेलं.

१९०६ मध्ये ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका समुद्रात उतरवली. एकाच आकाराच्या मोठ्या तोफा आणि वाफेच्या टर्बाइनवर मिळणारा वेग यामुळे आधीची सगळी जहाजं एका दिवसात जुनी झाली. त्यात ब्रिटनची स्वतःचीही आली. आता जर्मनीलाही शून्यातून बरोबरी करण्याची संधी दिसली आणि दोघंही धडाधड जहाजं बांधत सुटले.

इथं एक बारकावा पुस्तकात बऱ्याचदा निसटतो. १९१२ च्या सुमारास जर्मनीला कळून चुकलं होतं की ही शर्यत आपण जिंकत नाही. त्याने पैसा आरमाराकडून पायदळाकडे वळवायला सुरुवात केली. १९१३ मध्ये जर्मनीने सैन्य वाढवण्याचा मोठा कायदा केला, त्याच वर्षी फ्रान्सने सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांवरून तीन वर्षांवर नेली आणि रशियाने सैन्य आणि लष्करी रेल्वे वाढवण्याची भली मोठी योजना आखली. ती १९१७ पर्यंत पूर्ण होणार होती.

या १९१७ ने जर्मन सेनापतींची झोप उडवली. रशिया एकदा तयार झाला की आपला टिकाव लागणार नाही, मग युद्ध व्हायचंच असेल तर आत्ताच झालेलं बरं, असा विचार तिथं मूळ धरू लागला. शस्त्रस्पर्धेने शस्त्रं तर वाढवलीच, वर ‘उशीर केला तर हरू’ ही भीतीही पेरली.

कारण तिसरं: बाल्कन आणि राष्ट्रवाद

आग्नेय युरोपचा बाल्कन प्रदेश शतकानुशतकं तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात होता. हे साम्राज्य मागे हटत गेलं तशी ग्रीस, सर्बिया, रुमानिया, बल्गेरिया अशी राष्ट्रं उभी राहिली. १९१२-१३ च्या युद्धांनंतर सर्बियाचा प्रदेश जवळपास दुप्पट झाला.

सर्बिया वाढला तर आपल्या राज्यातले सर्ब, क्रोएट, झेक सगळेच वेगळं व्हायचं म्हणतील, ही ऑस्ट्रियाची भीती होती. दुसरीकडे रशिया स्वतःला सगळ्या स्लाव्ह लोकांचा थोरला भाऊ समजायचा. १९०८ मध्ये बोस्निया प्रकरणात रशियाला नमतं घ्यावं लागलं होतं, कारण १९०५ मध्ये जपानकडून हरल्यामुळे त्याचं लष्कर खिळखिळं झालं होतं. पुन्हा एकदा माघार घेतली तर बाल्कनमध्ये आपल्याला कुणी विचारणार नाही, हे रशियाच्या मनात होतं.

म्हणजे सर्बियाचा प्रश्न ऑस्ट्रियाला अस्तित्वाचा वाटत होता आणि रशियाला इभ्रतीचा. दोघांनाही मागे सरकायला जागा उरली नव्हती.

कारण चौथं: साम्राज्याची भूक, बगदाद रेल्वे आणि तेल

आता येऊ बसऱ्याकडे. मुंबई आणि बसरा यांचा संबंध जुना. बसऱ्याचे मोती आपल्याकडे आजही नावाजले जातात. तिकडून खजूर यायचा, अरबी घोडे यायचे. इराणच्या आखातातलं ब्रिटिश राजकारण तर एकोणिसाव्या शतकात बराच काळ मुंबई सरकारच सांभाळायचं. आखात म्हणजे हिंदुस्थानचं अंगण आणि तिथं दुसऱ्या कुणाला फिरकू द्यायचं नाही, हे ब्रिटिशांचं पक्कं धोरण होतं.

या अंगणात जर्मनी रेल्वे घेऊन येऊ लागला. १९०३ मध्ये ऑटोमन सरकारने जर्मन भांडवलावर चालणाऱ्या कंपनीला कोन्यापासून बगदाद आणि पुढे बसऱ्यापर्यंत रेल्वे बांधण्याचा परवाना दिला. पूर्ण झाली असती तर बर्लिनहून गाडीत बसलेला माणूस आखाताच्या तोंडाशी उतरला असता. ब्रिटनने त्याआधीच, १८९९ मध्ये, कुवेतच्या शेखाशी करार करून शेवटचं बंदर कुणाच्या हाती जाणार नाही याची तजवीज केली होती.

मग तेल आलं. १९०८ मध्ये इराणच्या नैर्ऋत्य भागात तेल सापडलं. बसऱ्याच्या खाली, नदीपलीकडे अबादानला तेल शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला. ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळत होतं आणि त्या वेळी आरमाराचा मंत्री होता विन्स्टन चर्चिल. १९१४ च्या मे-जून महिन्यात ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेण्याचा व्यवहार केला. सारायेव्होच्या जेमतेम दोन आठवडे आधी संसदेने त्याला मंजुरी दिली.

मोरोक्कोवरूनही १९०५ आणि १९११ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स युद्धाच्या काठावर जाऊन आले होते. त्यामुळे वसाहतींसाठीच महायुद्ध झालं, असं बरेच जण म्हणतात. लेनिनने तर साम्राज्यवाद हेच या युद्धाचं मूळ मानलं.

पण एक गोष्ट या सरळ हिशोबात बसत नाही. १५ जून १९१४ ला ब्रिटन आणि जर्मनीने बगदाद रेल्वेचा वाद मिटवणाऱ्या कराराच्या मसुद्यावर सह्या केल्या होत्या. जर्मनीने रेल्वे बसऱ्याच्या पुढे न नेण्याचं मान्य केलं होतं. तेराच दिवसांनी सारायेव्हो घडलं. ज्या प्रश्नावरून ही दोन राष्ट्रं भांडायला हवी होती, तो प्रश्न बोलणी करून सुटत होता. साम्राज्याच्या चढाओढीने संशय वाढवला आणि युद्ध युरोपाबाहेर कुठे पसरणार तेही ठरवलं. पण तेवढ्याने युद्ध सुरू झालं नसतं.

कारण पाचवं: रेल्वेचं वेळापत्रक

त्या काळी लढाई म्हणजे लाखो माणसं, घोडे आणि तोफा रेल्वेने सीमेवर नेणं. याला लष्करी जमवाजमव म्हणत. कुठल्या स्टेशनवरून कोणती गाडी किती वाजता सुटणार, हे वर्षानुवर्षं आधी कागदावर आखलेलं असायचं. एकदा चाक फिरलं की मधेच थांबवणं म्हणजे सगळा गोंधळ.

जर्मनीची योजना सगळ्यात आततायी होती. दोन आघाड्यांवर एकदम लढायचं नसेल तर आधी साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला चीत करायचं आणि मग रशियाकडे वळायचं. रशिया अवाढव्य आहे, त्याला तयारीला वेळ लागेल, हा हिशोब त्यामागे होता. आणि फ्रान्समध्ये लवकर घुसायचं तर वाट होती बेल्जियममधून. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात बड्या सत्तांनी दिली होती, त्यात ब्रिटनही होतं.

याचा अर्थ असा, की रशियाने नुसती जमवाजमव सुरू केली तरी जर्मनीचं घड्याळ टिकटिक करू लागणार होतं. भांडण सर्बियाचं, सैन्य हलवणार रशिया आणि पहिला हल्ला होणार बेल्जियमवर, जो यात कुठेच नव्हता.

ते ३७ दिवस: कुणाला थांबवता आलं असतं?

सारायेव्हो ते ब्रिटनची युद्धघोषणा यात ३७ दिवस गेले. या दिवसांकडे नीट पाहिलं की युद्ध अटळ होतं, हे म्हणणं डगमगायला लागतं.

५-६ जुलै: जर्मनीने ऑस्ट्रियाला सांगितलं, काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. हाच तो प्रसिद्ध ‘कोरा चेक’. त्यानंतर कैसर नॉर्वेच्या समुद्रात सुट्टीवर निघून गेला.

२३ जुलै: ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला. मुदत ४८ तास. अटी अशा ठेवल्या की सर्बियाने त्या नाकाराव्यात.

२५ जुलै: सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियात येऊन खुनाचा तपास करायचा, ही अट तेवढी नाकारली.

२८ जुलै: सुट्टीवरून परतलेल्या कैसरने हे उत्तर वाचलं आणि आता युद्धाचं कारण उरलं नाही, असं मत दिलं. त्याच दिवशी ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलं.

३० जुलै: रशियाच्या झारने एकदा मागे घेतलेला पूर्ण जमवाजमवीचा हुकूम पुन्हा दिला.

१ ऑगस्ट: जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध. ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरलं.

या दिवसांत कैसर आणि झार एकमेकांना तारा करत होते, इंग्रजीतून आणि ‘विली’, ‘निकी’ या घरगुती नावांनी. ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज या दोघांचाही सख्खा नातेवाईक. कैसर त्याचा आत्येभाऊ, झार मावसभाऊ. मराठी माणसाला भाऊबंदकी समजावून सांगायला नको. पण इथं भावाभावांत वैर नव्हतं. हातात सही करण्याचा अधिकार होता आणि समोर सेनापतींनी ठेवलेलं वेळापत्रक. १ ऑगस्टला कैसरला वाटलं, फ्रान्सला सोडून फक्त रशियाकडे सैन्य वळवता येईल. सेनाप्रमुख मोल्टके याने सांगितलं, आता ते जमणार नाही.

लंडनमध्येही एकमत नव्हतं. परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे शेवटपर्यंत स्पष्ट बोलला नाही. आपण फ्रान्सच्या बाजूने लढणार, असं आधीच ठणकावून सांगितलं असतं तर जर्मनी थबकला असता का, यावर आजही वाद होतो. युद्धाच्या निर्णयावरून मंत्रिमंडळातून दोघांनी राजीनामा दिला. त्यातला एक होता जॉन मोर्ले. हाच तो मोर्ले-मिंटो सुधारणांमधला मोर्ले. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना मंडालेला पाठवलं गेलं तेव्हा भारतमंत्री हाच होता.

मग पुण्याची फौज?

ऑटोमन सरकारने २ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीशी गुप्त करार केला होता. तुर्कांसाठी ब्रिटनमध्ये बांधलेल्या दोन युद्धनौका ब्रिटनने युद्ध सुरू होताच स्वतःकडे ठेवून घेतल्या. त्यांच्यासाठी तुर्कस्तानात लोकांनी वर्गणी काढली होती, त्यामुळे संताप उसळला. ऑक्टोबरच्या अखेरीस तुर्की आरमाराने काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर हल्ला केला आणि ५ नोव्हेंबरला ब्रिटनने तुर्कांविरुद्ध युद्ध पुकारलं.

तारखा जुळवून बघा. पूना डिव्हिजनची ब्रिगेड मुंबईहून निघाली १६ ऑक्टोबरला, म्हणजे युद्ध पुकारण्याच्या वीस दिवस आधी. अबादानचा तेल कारखाना आणि आखात सांभाळणं हे काम आधीच ठरलेलं होतं. युद्धघोषणेच्या दुसऱ्या दिवशी ती फाओला उतरली. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा पडलं.

तिथंच थांबायचं होतं. पण विजय सोपे मिळत गेले तशी हाव वाढली. वर्षभरात जनरल टाउनशेंडच्या हाताखाली पूना डिव्हिजन टायग्रिस नदीच्या काठाने थेट बगदादकडे निघाली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला तिचं कंबरडं मोडलं. माघार घेत ती कुत अल-अमारा या गावात शिरली आणि ७ डिसेंबरपासून तुर्कांनी वेढा घातला. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या, खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्या होत्या. जवळपास पाच महिने वेढा चालला. घोडे, खेचरं खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजन शरण आली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली.

सामान्य कैद्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आलं. वाटेत आणि छावण्यांमध्ये हजारो मेले. वाचलेल्या हिंदी कैद्यांपैकी अनेकांना रास अल-ऐन इथं मजुरीला लावलं. काम होतं बगदाद रेल्वेचे रूळ टाकण्याचं. ज्या रेल्वेवरून लंडन आणि बर्लिन दहा वर्षं कुरकुरत होते, ती बांधायला शेवटी या कैद्यांचे हात लागले.

दोष कुणाचा?

२८ जून १९१९ ला, सारायेव्होला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, व्हर्सायचा तह झाला. त्याच्या २३१व्या कलमाने युद्धाची जबाबदारी जर्मनी आणि त्याच्या साथीदारांवर टाकली. नंतर अनेक इतिहासकार म्हणू लागले की सगळेच ओढले गेले, कुणा एकाचा दोष नाही. १९६१ मध्ये जर्मनीच्याच फ्रिट्झ फिशर यांनी कागदपत्रांच्या आधारे पुन्हा जर्मनीकडे बोट दाखवलं आणि तिथं खळबळ उडाली. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांनी सगळ्याच राजधान्यांतले पुढारी झोपेत चालल्यासारखे युद्धात शिरले, अशी मांडणी केली.

आज बहुतेक अभ्यासक जबाबदारी वाटून देतात, पण समान नाही. ऑस्ट्रियाने छोटं युद्ध हवं म्हणून मोठ्या युद्धाचा धोका पत्करला, जर्मनीने त्याला कोरा चेक दिला, रशियाने जमवाजमवीची घाई केली, फ्रान्सने रशियाला आवरलं नाही आणि ब्रिटन वेळेवर स्पष्ट बोललं नाही. पाच कारणांनी घर वाळलेल्या गवताने भरून ठेवलं होतं. तरी १९०५, १९०८, १९११, १९१२-१३ या प्रत्येक संकटात कुणी ना कुणी एक पाऊल मागे आलं आणि घर वाचलं. १९१४ मध्ये कुणीच मागे आलं नाही.

आणि आपल्याला कुणी विचारलं?

नाही. ब्रिटन युद्धात उतरलं त्या क्षणी हिंदुस्थानही उतरला, असं धरलं गेलं.

टिळक सहा वर्षांची शिक्षा भोगून सारायेव्होच्या दहा-बारा दिवस आधीच पुण्याला परतले होते. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी जाहीर पत्र लिहून युद्धात सरकारला पाठिंबा दिला. मदत करू, पण बदल्यात स्वराज्य द्या, असा त्यांचा पुढचा हिशोब होता. एप्रिल १९१६ मध्ये, कुत पडलं त्याच महिन्यात, बेळगावात त्यांनी होमरूल लीग सुरू केली. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्ध परिषद बोलावली. भरतीला मदत हवी असेल तर स्वराज्याचं बोला, असं टिळक मांडू लागताच गव्हर्नरांनी त्यांना अडवलं. टिळक उठून निघून गेले.

युद्ध संपल्यावर शांतता परिषदेसाठी काँग्रेसने टिळकांची निवड केली. सरकारने जाऊ दिलं नाही. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांच्या.

हिंदुस्थानातून या युद्धासाठी तेरा लाखांहून अधिक माणसं परदेशी आणि देशात कामाला लागली, सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. सर्वाधिक माणसं गेली ती मेसोपोटेमियात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एकाच गावातले ४६ जण मारले गेले. तिथं इंग्रजांनी उभारलेलं स्मारक आहे. अशा दगडी पाट्या देशभरातल्या अनेक गावांत आहेत आणि त्यांचा मजकूर साधारण एकाच साच्यातला असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले.

किती गेले ते पाटीवर आहे. का गेले ते पाटीवर नाही. त्याचं उत्तर व्हिएन्ना, बर्लिन, सेंट पीटर्सबर्ग, पॅरिस आणि लंडनमधल्या कागदांत आहे, आणि त्या कागदांवर सह्या करणाऱ्या कुणालाही अपशिंगे हे गाव माहीत नव्हतं.